अंजूचा बदला

“बोर धरणावर उद्या जाऊ की परवा, ते सांग ना मयुरी! डबे कोण आणणार? अन् माझ्या सायकलची चेन सारखी उतरून राह्यली!” शाल्मली कधीची विचारत होती.

मयुरीचं लक्ष होतं कुठे? आईचा मोबाइल डोळ्यांजवळ धरून ती ओट्यावर बसली होती.

“आकडा हलूनच नाई राह्यला,” ती म्हणाली.

“कोणता आकडा?” सुमीतने आंब्याची कोय चोखत विचारलं.

“आपल्या टीमचा! सुट्टी लागली तेव्हा होता, तेवढाच आहे!”

सुमीतच्या हातातली कोय खाली पडली. धरण, डबे, चेन, सगळं तिथल्या तिथे राहिलं!

टीमचं नाव होतं ‘अंजूचा बदला’. अंजू ही त्यांची चौथी मैत्रीण. मागच्या पावसाळ्यात हिंगणीत डेंगीची साथ आली आणि वर्गातली अंजूची जागा कायमची रिकामी झाली. डेंगीच्या विषाणूला थेट मारणारं औषध अजून कोणाकडेच नाही, हे मयुरीला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात समजलं. बाकीच्या पोरी रडत होत्या. ती मात्र दात आवळून एकच विचारत होती, “औषध काऊन नाई?”

उत्तर सुमीतला इंटरनेटवर सापडलं. परदेशातल्या एका विद्यापीठातले शास्त्रज्ञ ते औषध शोधत होते. लक्षावधी रसायनं होती. त्यातलं कोणतं विषाणूला जखडून टाकेल, ते एकेक करून संगणकावर जुळवून पाहायचं. एकट्यादुकट्या संगणकाचा जन्म गेला असता! म्हणून लग्नघरी शेजारणी जशा एकेक सूप घेऊन गहू निसायला बसतात, तसे जगभरचे लोक आपल्या रिकाम्या संगणकांवर थोडं थोडं काम वाटून घेत होते. जेवढं काम पुरं होईल, तेवढा टीमचा आकडा वाढायचा.

गावच्या वाचनालयातल्या संगणकांना सुट्टीत काही कामच नव्हतं. वाचनालयाचे अध्यक्ष बंडोपंत यांनी मान डोलावली. अंजूचे बाबा प्रभाकरराव शाळेत गुरुजी होते. ते घरून अंजूचा संगणक घेऊन आले आणि टेबलावर ठेवून गेले. त्यावर अंजूने चिकटवलेलं फुलपाखरू तसंच होतं.

“मले त्या विषाणूचा खातमा पाहिजे,” मयुरी तेव्हा म्हणाली होती. “सोडत नाई मी त्याले!”

आणि आता आकडाच थांबला होता!

तिघं भर उन्हात वाचनालयात पोचली. संगणकखोलीच्या दारात गजेंद्र खुर्ची टाकून बसला होता. खोलीची सगळी जबाबदारी बंडोपंतांनी त्याच्यावर सोपवली होती.

“गजूभाऊ, आपलं काम बंद काऊन आहे?” मयुरीने विचारलं.

“लाईन कुठं राह्यते दिवसभर? मशिनी बंदच आहेत. चला, पळा पोट्टेहो! उन्हात फिरू नका!”

दार धाडकन लागलं. तिघं मुकाट्याने मागे वळली. पण व्हरांड्यात शाल्मली एकदम थबकली.

“मयुरी, मीटर पाय!”

विजेच्या मीटरवरचा लाल दिवा नुसता लुकलुक लुकलुक करत होता! मशिनी बंद, मग एवढी वीज खातंय कोण?

तिघं वाचनालयाच्या मागे गेली. तिथे खिडकीला लोखंडी स्टँडवर मोठा कूलर बसवला होता. सुमीत स्टँडवर चढला आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला.

“काय दिसते?”

“सगळ्या मशिनी चालू आहेत! अन् गजूभाऊनं आता एका मशिनीचा पडदा चालू केला. काळाभोर आहे. त्याच्यावर हिरवी अक्षरं पळून राह्यली... अबे! हे तर नाणी काढाचं काम आहे!”

“नाणी? कुठून?” शाल्मली गोंधळली.

“खरी नाई गं! इंटरनेटवरची. संगणक दिवसरात्र राबवला की ती मिळतात, अन् मग विकता येतात. वीज वाचनालयाची, मशिनी आपल्या, अन् कमाई याची!”

“अंजूचा संगणक?” मयुरीचा आवाज बदलला होता.

सुमीतला फटीतून फुलपाखरू दिसलं. “तो पण.”

मयुरीने दोन्ही हातांनी स्टँड घट्ट धरला. अंगात वणवा पेटल्यासारखं झालं तिला. तेवढ्यात तिची नजर कूलरच्या टाकीत गेली. सुट्टी लागल्यापासून टाकी कोणी धुतलेली दिसत नव्हती. हिरवट पाण्यात काहीतरी वळवळत होतं. एक नाही, शेकडो!

“अळ्या!” शाल्मली किंचाळली. सुमीतने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मयुरी किंचाळली नाही. तिने पाण्याची बाटली रिकामी केली, टाकीत बुडवून भरली आणि झाकण लावलं.

“याले आता सगळ्या गावासमोर पाडाचं,” ती म्हणाली.

तिघं आधी बंडोपंतांकडे गेली. पण त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. “गजेंद्रावर आळ घेता? अरे, रविवारी वर्ध्याहून डॉक्टरबाई येऊन राह्यल्या. औषधाच्या कामासाठी त्याचा सत्कार आहे! तुम्ही पताका लावाले येजा.”

“येतो ना आबाजी! नक्की येतो!” मयुरी इतक्या गोड आवाजात म्हणाली, की सुमीत तिच्याकडे पाहतच राहिला.

रविवारी सकाळी तिघं हजर! मयुरी सतरंज्या झटकत होती. शाल्मली पताका लावता लावता गजेंद्रला सारखी हाक मारत होती, “गजूभाऊ, हे वाकडं तर नाई? अन् हे?” गजेंद्रने दाराजवळच्या एकाच संगणकावर रंगीत रसायन गोल गोल फिरण्याची चित्रफीत लावून ठेवली होती. पाहुण्यांना भिंतीवर तेवढंच दाखवायचं होतं. बाकीच्या संगणकांचे पडदे त्याने बंद केले होते, पण आतलं काम जोरात चालू होतं. तो शिडी धरायला गेला आणि सुमीतने प्रोजेक्टरची वायर काढून फुलपाखराच्या संगणकाला जोडली.

कार्यक्रमाला गाव लोटला. प्रभाकरराव पहिल्याच रांगेत बसले होते. गजेंद्र नवा शर्ट घालून उभा राहिला. “ह्या मशिनी मी रात्रंदिवस औषधासाठी राबवून राह्यलो,” असं त्याने सांगितलं. टाळ्या पडल्या! बंडोपंतांनी शाल हातात घेतली.

“थांबा आबाजी!” मयुरी उठली. “आधी अंजूचा संगणक काय काम करून राह्यला, ते सगळ्यायनं पाहा!”

सुमीतने बटण दाबलं. भिंतीवर रंगीत चित्र आलंच नाही. काळा पडदा आला, त्यावर भराभर पळणारी हिरवी अक्षरं आली आणि सर्वांत वर ठळक इंग्रजी अक्षरांत खातेदाराचं नाव आलं: गजेंद्र किंग!

“हे... हे व्हायरस आलं असन,” गजेंद्र चाचरला.

“व्हायरसचं नाव गजेंद्र आहे का?” सुमीतने विचारलं. सगळं सभागृह खदखदून हसलं. मग सुमीतने मोबाइलवर टीमचा थांबलेला आकडा डॉक्टरबाईंना दाखवला आणि ते हसू विरलं.

मयुरीने बाटली टेबलावर आदळली. “अन् हे तुमच्या कूलरमधलं पाणी! अंजू ज्याच्यानं गेली, तेच तुम्ही पाळून राह्यले!”

डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरली. “डासांच्याच अळ्या आहेत. डेंगी पसरवणारे डास अशाच पाण्यात वाढतात,” त्या म्हणाल्या.

गजेंद्रची मान खाली गेली. मयुरी मात्र डोळे न हलवता त्याच्याकडे पाहत राहिली. तो लाल झालेला चेहरा तिला पोटभर पाहायचा होता!

प्रभाकरराव सावकाश उठले. आता ते थोबाडीत मारणार, असं सगळ्यांना वाटलं. मयुरीला तर तेच हवं होतं. पण त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलून गजेंद्रच्या हातात दिला.

“पोलिसात द्यायचं की नाही, ते अध्यक्ष ठरवतील,” ते म्हणाले. “पण आज तू ही टाकी धुशील. मग गावातला एकूण एक कूलर. माझ्या घरापासून सुरुवात कर. तिथे आता पोरगी नाही, पण कूलर आहे.”

गजेंद्र खराटा घेऊन मागच्या कूलरकडे निघाला.

पुढचे कितीतरी दिवस हिंगणीतल्या गल्ल्यांमधून एक वरात निघत होती. पुढे खराटा आणि बादली घेऊन घामाघूम गजेंद्र, मागे तीन मुकादम!

“कोपरे राह्यले, गजूभाऊ! घासा!” कमरेवर हात ठेवून मयुरी ओरडायची.

“किती घासू? हात दुखून राह्यले ना पोरी!”

“अजून जोरात!”

बायका दारात येऊन हसायच्या. मयुरीला एकदाही दया आली नाही.

बंडोपंतांनी गजेंद्रला कामावरून काढलं आणि संगणकखोलीची किल्ली स्वतः मयुरीच्या हातात दिली. “पोरांनो, तुम्ही सांगाले आलते तेव्हा मी पेपरातून डोकं वर नाई काढलं. चूक माझीच. गावानं तुमचे उपकार मानले पाहिजे!” डॉक्टरबाईंनी तर तिघांना दवाखान्याची प्रयोगशाळा पाहायला वर्ध्याला बोलावलं.

किल्ली मिळाली त्या संध्याकाळी खोलीत प्रभाकरराव आणि ती तिघंच होती. सुमीतने नाण्यांचं काम पुसून टाकलं. जुनं काम पुन्हा सुरू झालं. पडद्यावर एक रसायन विषाणूभोवती फिरू लागलं, इकडून भिडलं, तिकडून भिडलं. सगळे श्वास रोखून पाहत होते. बऱ्याच वेळाने निकाल आला.

“नाई जमलं,” सुमीत हळूच म्हणाला.

शाल्मलीने सुस्कारा सोडला. प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला.

मयुरीने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या त्या काटेरी विषाणूकडे रोखून पाहिलं, गजेंद्रकडे पाहिलं होतं तसंच.

“पुढचं आण!” ती म्हणाली.