रांगेपलीकडची खुर्ची

त्या दुपारी उचापती कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरला तो सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला. बापाने सकाळीच दम भरलेला, "या खेपेला उडालास तर कॉलेज बंद. गॅरेजात ये आणि टायर बडव."

खिडक्यांवर काळे पडदे. एसीची घरघर. कुठेतरी वायर करपल्याचा बारीक वास. उचापतीला रांगेतली शेवटची खुर्ची मिळाली. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये अजून एक खुर्ची मावेल एवढी मोकळी जागा होती. तिथे आधी घुमी बसायची.

हे नाव त्यानेच पाडलेलं. पोरगी बोलायची नाही, पण पॉइंटर म्हणजे तिच्या हातचा मळ. बाकीच्यांना लॅबच्या मॅडम समजावून थकायच्या. "ॲरे म्हणजे खुर्च्यांची रांग. पॉइंटर म्हणजे खुर्चीकडे दाखवणारं बोट. त्यात एक मिळवला की ते इंचभर सरकत नाही, अख्खी एक खुर्ची सरकतं. आणि रांग कुठे संपते ते बोटाला कळत नाही, बाळांनो. ते तुम्ही सांगायचं."

मागच्या परीक्षेत घुमी पाणी प्यायला उठली, आणि उचापतीने तिच्या लूपच्या, म्हणजे बोटाला कुठे थांबायचं ते सांगणाऱ्या, अटीत 'लहान'च्या पुढे गुपचूप 'बरोबर'चं चिन्ह घुसवलं. बोट एक खुर्ची जास्त गेलं. प्रोग्रॅम कोसळला. मॅडमनी तिला सगळ्यांदेखत सोलून काढलं.

"तू केलंस ना?" घुमीने विचारलं.

"मी? तुझ्याच बोटाला थांबायचं कळत नाही, त्याला मी काय करू?"

अख्खी लॅब हसली. उचापतीच्या शेजारी बसणारा ढोल तर बाक बडवून हसला. घुमी रडत बाहेर पळाली ती थेट ट्रकखाली. मॅडमनी तिची खुर्ची उचलायला लावली. उचापतीने तोंड शिवून घेतलं.

आजचं काम सोपं होतं. रांगेत बसलेल्यांची नावं ॲरेत भरायची आणि पॉइंटरने एकेक छापायची. उचापतीने खरी नावं सोडून टोपणनावं भरली. गप्प बसवतंय कुणाला! प्रोग्रॅम चालवला.

बोका. चष्मिस. ढोल. उचापती. घुमी.

त्याने अट तपासली. बरोबर होती. पुन्हा चालवला. पुन्हा घुमी.

"मॅडम... शेवटच्या पलीकडचं काहीतरी छापतंय..."

मॅडमनी मान वळवली नाही. "सोडून दिलेली जागा नाहीशी होत नाही रे. ती आपली राहत नाही, एवढंच. जुनं बोट तिकडेच दाखवत बसतं."

करपल्याचा वास वाढला. आता तो वायरचा वाटेना. रस्त्यावर घासलेल्या रबराचा वाटत होता. उचापतीने हात मांडीखाली दाबून धरले, तरी प्रोग्रॅम आपोआप चालला.

बोका. चष्मिस. ढोल. घुमी.

कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "तुझ्यात एक मिळवला..."

तो सरकला. इंचभर नाही, अख्खी एक खुर्ची. पाठ भिंतीला टेकली. खाली काहीच नव्हतं, तरी तो बसलेला होता. आणि त्याच्या जागेवर ती. बाहीवर टायरची नक्षी.

"ढोल्या... ए ढोल्या, इकडे बघ ना..."

ढोलने नुसता कान खाजवला.

मॅडम आल्या. "शेवटी कोण आहे?"

"मी, मॅडम." ओठ हलले घुमीचे. आवाज उचापतीचा.

मॅडमनी त्या खुर्चीकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि खूश झाल्या. "वा! सुधारलास की रे. पास."

उचापती बोंबलला, घसा फाटेस्तोवर. तेवढ्यात ढोलच्या लूपमध्ये एक 'बरोबर' जास्तीचा पडला आणि नावांखाली एक ओळ उमटली: मी इथे आहे, मला बाहेर काढ.

"मॅडम, हे काय आलं?"

"कचरा आहे तो. रांगेपलीकडचं वाचलं की असलंच येतं. अट नीट कर."

ढोलने 'बरोबर' खोडला. ओळ गेली.

शेवटच्या खुर्चीवरून कुणीतरी पाणी प्यायला उठलं आणि जाता जाता ढोलच्या मागे क्षणभर थांबलं. मोकळ्या जागेच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या उंचीवर, एक ओला पंजा उमटला होता. चार बोटं मिटलेली. एक ताठ, ढोलकडे.