पंधरा किलोंची सॅक

त्या सकाळी मी फक्त दगड आणायला बाहेर पडलो होतो. चौऱ्याऐंशी सालचा फेब्रुवारी. वाशीतली आमची बिल्डिंग नवीकोरी होती, खाडीवरून चिखलाचा वास येत होता. मे महिन्यात आमचा ग्रुप हिमालयातली चौदा हजार फुटांवरची खिंड चढणार होता. आमचा लीडर सुधीर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बंड्या नको. अर्ध्यात बसला तर त्याला उचलायचं कोणी?" सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अजूनही आठवलं की जाते.

सुधीरची अट साधी होती. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पंधरा किलोंची सॅक पाठीवर घेऊन ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडचा डोंगर पाऊण तासात चढायचा. जमलं तर यादीत नाव. सरावासाठी कुणी सॅकेत वाळू भरत होतं, कुणी रद्दी. मला पायवाटेच्या वळणावर दगडांचा ढीग दिसला. हातात मावणारे, नीट रचलेले. वर एक सुकलेला हार होता, तो मी बाजूला केला आणि अकरा दगड भरले.

"ठेव ते खाली!"

मागे एक बाई उभी होती, डोक्यावर लाकडांची मोळी. ती खालच्या गावातली गोजरा, हे मला पुढे कळलं.

"माजा नवरा हाय त्याचे खाली. खानीत सुरुंगानं गेला. रागीट मानूस, रागातच मेला. उठून घरी येऊ नये म्हनून येनारा-जानारा एकेक दगर ठेवतो. आनि तू उचलतोस?"

"सरकारी जमीन आहे ही, बाई."

"डोंगर खाल्लात आमचा," ती म्हणाली. "आता यालाबी ने!"

तेव्हाच ठेवून द्यायला हवे होते. पण कानात ते हसणं घुमत होतं. मी सॅक पाठीवर टाकली आणि चालू लागलो. गाढव होतो, दुसरं काय!

मग रोज पहाटे सराव सुरू झाला. आठवडाभरात सॅक जड लागायला लागली. ताणकाट्याला टांगून पाहिली, बरोबर पंधरा. पाठीवर घेतली की मात्र पट्टे खांद्यांत रुतायचे, रक्त साकळायचं. बाल्कनीत सॅक ठेवली की घरभर सुरुंगाच्या दारूचा वास यायचा. चढताना दम लागून मी थांबलो की मागे कुणाचा तरी श्वास चालूच असायचा... आणि क्षणभरानं तोही थांबायचा.

भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता. आधी सुधीरचा, मग दूधवाल्याचा, मग आईचा. एकदा चहा गार झाला म्हणून मी दारावर मूठ मारली आणि फळी तडकली. आई घाबरून माझ्याकडे पाहत राहिली. एवढी ताकद माझ्यात कधीच नव्हती.

परीक्षेच्या रविवारी मी अडतीस मिनिटांत माथ्यावर होतो, सगळ्यांच्या पुढे. सुधीरनं धापा टाकत येऊन पाठ थोपटली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"मानलं, बंड्या. पण... ऊन एवढं तापलंय, तुझी पाठ इतकी गार कशी?"

"उचलतोस का मला आता?" मी ओरडलो आणि त्याच्यादेखत एकेक दगड खालच्या खाणीत भिरकावला. अकराच्या अकरा. रिकामी सॅक पाठीवर अडकवली. खांद्यांवरचं ओझं तसूभरही कमी झालं नाही.

उतरताना वळणावर गोजरा उभी होती. आता शिव्या खाव्या लागणार, असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या खांद्याच्या वर होती. तिनं घाईनं डोक्यावर पदर ओढला आणि वाट सोडून बाजूला झाली.

"घरी येऊ नका..." ती खाली मान घालून पुटपुटली. "पोरं भितात. तुमी... याचेबरोबर जा."

"कोणाशी बोलताय, बाई?"

ती भराभर निघून गेली.

यादीत माझं नाव पहिलं लागलं. फक्त डॉक्टरांचं सर्टिफिकेट बाकी होतं, ते आणायला सोमवारी सकाळी दवाखान्यात गेलो. माझं वजन एरवी अडुसष्ट किलो. बाहेर पेशंटची गर्दी, त्यामुळे डॉक्टर वैतागलेलेच होते. आत मला एकट्यालाच बोलावलं, दार लावून घेतलं आणि काट्यावर उभं केलं. वाकून त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मान वर न करताच खेकसले, "अहो, एका वेळी एकानंच उभं राहायचं. तुमच्या मागच्यांना आधी खाली उतरायला सांगा."