चाळ आणि चाळण्या

हिरालालशेठच्या राइस मिलच्या ओट्यावर एकामागून एक चाळण्या येऊन पडत होत्या. बारीक भोकांच्या, मोठ्या भोकांच्या, एकीला तर बूडच नव्हतं. मिलमधला जो तो कुठून तरी चाळणी हुडकून आणत होता आणि नृत्यवर्गाचे चिटणीस श्यामलालजी ती उजेडात धरून गंभीरपणे तपासत होते.

जवळच्या मुर्री गावाहून चालत आलेली तीन मुलं पायरीशीच थबकली. प्रेमिला, तिचा चुलतभाऊ दुधराम आणि मैत्रीण धुरपता. सुट्टीतल्या नृत्यवर्गाचा आज शेवटचा दिवस होता.

"काका, काय हरवलं?" दुधरामने विचारलं.

"बाईंचा चाळ. जपून ठेवा म्हणून परवा माझ्याच हाती दिला होता म्हणे. आता नाचाच्या बाईला चाळणी कशाला लागते ते मला विचारू नका. कलावंत माणसं."

प्रेमिला पुढे सरकली. "काका, चाळ म्हणजे चाळणी नाही. बाई घुंगरांना..."

श्यामलालजींनी हात वर केला. मोठ्यांच्या कामात लहानांनी बोलू नये, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी इतकं कसोशीने पाळलं होतं की कित्येक वर्षांत कुठल्याही मुलाकडून त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. त्यांनी पुढची चाळणी उचलली.

ही सत्तावन्न सालच्या दिवाळीची गोष्ट. नवं धान यायला अवकाश होता, म्हणून शेठचं गोदाम रिकामं होतं, आणि रिकाम्या गोदामात काहीतरी सांस्कृतिक करावं असं गोंदियातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं. नागपूरहून सुशिलाबाईंना बोलावलं. शिकवायचं काय, यावर मात्र एकमत होईना. शेठना गरबा हवा होता, शाळेच्या हेडमास्तरांना भरतनाट्यम, आणि श्यामलालजींना लेझीम, कारण लेझमीत मुलं दमतात आणि घरी जाऊन गुमान झोपतात. शेवटी सगळंच शिकवायचं ठरलं. बाई बिचाऱ्या सकाळी आपलं कथक घेत, मग गरबा, मग आणखी काही. दुधराम वर्गानंतर मिळणाऱ्या चिवड्यासाठी आला होता आणि चिवड्यापर्यंत पोहोचण्याकरता जे पडेल ते नाचत होता.

प्रेमिला मात्र चाळांसाठी आली होती.

पहिल्या दिवशी बाईंनी ते पायांत बांधले होते, फक्त एकदा. सुपातून वाळलेलं धान घरंगळावं तसा बारीक, दाट आवाज गोदामभर सांडला. मग त्यांनी ते सोडले, कापसात आणि लाल फडक्यात गुंडाळले आणि म्हणाल्या, "आधी तुमच्या टाचा बोलू देत. शेवटच्या दिवशी एकेकीला बांधेन."

त्या दिवसापासून प्रेमिलाच्या टाचा घरीदारी बोलत होत्या. ता थेई थेई तत्. धान मळण्यासाठी ताजं सारवलेलं खळं तिने ठशांनी भरून टाकलं, तेव्हा आई, सुमित्राबाई, कावली होती. "नाचून घे या सुट्टीत. पुढच्या दिवाळीले लुगडं नेसशील, मंग कायचा नाच?"

म्हणजे जे काही होतं ते आजच होतं. आणि आज चाळच नव्हते.

बाई मिलमागच्या आपल्या खोलीत ट्रंकेवर बसल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, हेच जास्त वाईट होतं. "माझ्या गुरुजींचे होते गं ते," एवढंच म्हणाल्या. परवा भाऊबीज. सकाळच्या गाडीने त्या भावाकडे नागपूरला जाणार होत्या, तिथून कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी वर्ग घेतला, पण पाय हलत होते इतकंच. दुधरामने चिवडा उरवला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मुर्रीत गायगोधन, म्हणजे गुरांचा सण, होता. गावची सगळी गुरं आखरावर, गुरं उभी करायच्या माळावर, जमली होती, शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, अंगावर झुली. ढोल वाजत होता, पोरं फटाके उडवत होती. प्रेमिला भिंतीला टेकून उभी होती. तिला कशातच गोडी नव्हती.

आणि तिने मान वर केली.

शेकडो घंटांच्या खळखळाटातून सुपातलं धान घरंगळलं होतं.

"आयकलं का?" तिने धुरपताचं मनगट धरलं.

"काय आयकू? कान फुटून राहिले इथं."

प्रेमिला गुरांमधून वाट काढत निघाली. एक शेपूट तोंडावर बसलं, तरी थांबली नाही. आवाज मुर्रीतच घर असलेल्या श्यामलालजींच्या पांढऱ्या बैलापाशी, पवळ्यापाशी, येऊन थांबला. बैलाच्या गळ्यात, सुती दोरीत गाठी मारून ओवलेले, बाईंचे चाळ होते. पवळ्या मान हलवायचा, आवाज व्हायचा, आणि तो कान टवकारून स्वतःच ऐकत राहायचा.

गाडीवान चैतराम त्याची पाठ थोपटत होता. धुरपता सरळ त्याच्यापुढे उभी राहिली. "चैतरामभाऊ, हे कुठून आणले गा?"

"मालकाच्या फळीवरून. मालक पडले होते डोळे मिटून. म्हनले, लाल फडक्यातले घुंगरू ने अन् बैलाले बांध. बैलाची माळ बी लाल फडक्यातच राह्यते. पहिलं लाल फडकं दिसलं, नेलं, बांधलं."

"अन् काल बाईचे चाळ पाहिले का म्हनून तुले इचारलं नाई कोनी?"

"इचारलं ना. म्या घरची चाळनी नेऊन देल्ली." चैतराम दुखावल्यासारखा झाला. "अजून वापस नाई देल्ली त्याईनं."

तेव्हा तिघांच्या लक्षात आलं. घुंगरू पाहिले का, असं कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

चैतराम मालकाच्या हुकमाशिवाय माळ सोडेना. आणि मालक तिथेच चार माणसांत उभे राहून सांगत होते की ही माळ त्यांनी पोळ्याला बाजारातून स्वतः पारखून घेतली आहे. असा आवाज पंचक्रोशीत नाही. प्रेमिलाने तोंड उघडलं, तसा दुधरामने तिला चिमटा काढला.

"आता सांगशील तर हात वर करतील," तो कुजबुजला. "अन् चार लोकांसमोर बोलले आहेत, मंग तर मरेपरेंत नाई म्हनतील." मग तो श्यामलालजींपुढे गेला आणि अत्यंत भाबडा चेहरा करून म्हणाला, "काका, उद्या बाई चालल्या. शेठ मिलवर हार घेऊन येणार आहेत. आपला पवळ्या असाच सजवलेला गाडीला जुंपून बाईंना स्टेशनावर नेला तर? शेठचा टांगा फिका पडेल."

श्यामलालजींनी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "हेच मी मनात म्हणत होतो," ते म्हणाले.

भाऊबीजेच्या सकाळी पवळ्या आपल्या जोडीदारासह मिलच्या ओट्यापुढे उभा राहिला. शेठ हार घेऊन, हेडमास्तर भाषण घेऊन, तिन्ही मुलं श्वास रोखून. बाई ट्रंक उचलून बाहेर आल्या. पवळ्याने मान हलवली.

ट्रंक खाली टेकली.

बाई बैलापाशी गेल्या आणि दोरीवर बोट फिरवत राहिल्या. "श्यामलालजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बैलाने माझ्या वर्गात नाव कधी घातलं?"

मग सगळं उलगडलं. धुरपताने ते कोणाचीही भीड न ठेवता सांगितलं. श्यामलालजी थोडा वेळ लाल झाले, आणि मग त्यांना सुचलं की एवढी मोलाची वस्तू ठेवायला बैलाच्या गळ्याइतकी सुरक्षित जागा नाही, हे त्यांनी मुद्दामच केलं होतं. चैतरामने तेवढ्यात आपली चाळणी उचलून घेतली.

शेठ भारावले होते. "शाबाश बच्चों! गोंदिया का नाम रख लिया," म्हणाले, आणि मुलांच्या कौतुकाचं भाषण सुरू झालं. त्यात देश आला, नवी पिढी आली. हेडमास्तर आपली पाळी कधी येते ते बघत होते. गाडीची वेळ होत आली होती. प्रेमिला शेठकडे नाही, बाईंच्या हातातल्या दोरीकडे बघत होती. एवढं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि त्यातला शब्दन् शब्द तिचा वेळ खात होता.

बाई पायरीवर बसल्या. "पाय दे," त्या म्हणाल्या.

दोरी घोट्याभोवती फिरली, एक वेढा, दुसरा, तिसरा. मग दुसऱ्या पायाला. जड होते चाळ. तिला वाटलं होतं त्याहून फार जड. ती रिकाम्या गोदामात जाऊन उभी राहिली आणि टाच टेकवली.

ता थेई थेई तत्.

ओट्यावर शेठ थांबले. नव्या पिढीचं वाक्य अर्धंच राहिलं आणि ते कोणालाही पूर्ण व्हायला नको होतं. बाई दारात उभ्या राहून टाळी देत होत्या. धुरपताचा धीर सुटला, ती सारखी "अजून, अजून" करत होती. आणि बाहेर जुवाखालच्या पवळ्याने दोन्ही कान गोदामाकडे वळवले होते.

मग आउटर सिग्नलकडून इंजिनाची शिटी आली.

सोडताना गाठ अडकली. बाईंच्या बोटांना घाई होती आणि प्रेमिलाला ती गाठ सुटू नये असं वाटत होतं, पण सुटली. "टाचा बोलायला लागल्यात तुझ्या," बाई म्हणाल्या. पुन्हा कधी येईन, असं त्या म्हणाल्या नाहीत.

गाडी गेली. रिकाम्या बैलगाडीतून मुलं मुर्रीकडे निघाली. दुधराम चिवड्याच्या पुड्यात डोकं घालून बसला होता. पवळ्याच्या गळ्यात आता त्याची जुनी माळ होती, आणि तो असा रेंगाळत होता की चैतराम चकचक करून थकला.

"काय झालं गा याले? काल कसा घोड्यावानी चालत होता."

प्रेमिलाला माहीत होतं काय झालं ते. तिच्या घोट्यांवर दोरीचे वळ अजून उमटलेले होते. ती सरकून गाडीच्या तोंडाशी गेली, आणि फळीवर टाच आपटली. हळूच. ता थेई थेई तत्.

पवळ्याचे कान मागे वळले. तो क्षणभर थांबला, आणि मग पाय उचलून चालू लागला.