डोंगराच्या पोटातलं पाणी

टाकीत टाकलेली पावडर जाते कुठं, एवढंच शोधायला आम्ही तिघं त्या सकाळी डोंगर चढत होतो.

मी आसाराम, वस्तीचा जलसुरक्षक. कड्याच्या पलीकडे बालाघाटाच्या कुशीत आमची साठ उंबऱ्यांची वस्ती. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपानं टाकीत येतं. त्यात रोज जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणं हे माझं काम. नऊ दिवसांत चाळीस जणांना उलट्या-जुलाब लागले होते. शाळेच्या दोन्ही खोल्यांत सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. लोकांनी आधी जुन्या विहिरीवर संशय घेतला, ती बंद केली. तरी आजार थांबेना, तेव्हा बोट माझ्याकडे वळलं. टाकीच्या पाण्यात पावडरीचा अंशच सापडत नव्हता.

"टाकतच न्हाई हा," वस्तीतला पप्पू चारचौघांत म्हणाला. "घरी बसून सही ठोकतोय."

प्रयोगशाळेतून आलेल्या शिवकन्या मॅडमनी स्वतःच्या हातानं पावडर टाकली आणि तासाभरानं पाणी तपासलं. पुन्हा शून्य.

"तुम्ही खरं बोलताय," त्या मला म्हणाल्या. "वर कुठंतरी काहीतरी सडतंय. पावडर तिथल्या घाणीशी झुंजण्यातच संपून जाते."

पण झरा बंद करा म्हटलं, तर वस्ती ऐकणार नव्हती. डोंगराचं पाणी नासत नाही, अशी सगळ्यांची खात्री. पुरावा म्हणून उगमाचा नमुना हवा होता. आणि उगमाच्या कपारीत आतपर्यंत गेलेला माणूस एकच, मेंढरं राखणारे राधाकिशनमामा. त्यांची बायको सरस्वतीबाई शाळेत निपचित पडली होती. मामांनी लगेच काठी उचलली आणि पुढं झाले.

घळ पावसानं निसरडी झाली होती. दोन्ही अंगांना काळा कातळ, मधून घोटाभर ओढा, आणि कडेकडेनं आमचा पाइप. एका ठिकाणी पायवाटच खचलेली. खाली वीस-पंचवीस हात खोल दगडांची रास.

"मॅडम, पाइपाला धरू नगा, सुटंल त्यो," मामा म्हणाले. "माझ्या काठीला धरा."

मॅडमच्या खांद्याला बर्फाची पेटी होती, तिच्यात निर्जंतुक केलेल्या बाटल्या. त्या कातळाला छाती लावून इंच इंच सरकल्या. मधेच त्यांच्या पायाखालचा दगड निसटला! मामांनी काठी घट्ट आवळली, मी मागून पेटीचा पट्टा धरला. दगड खाली राशीवर आपटून फुटल्याचा आवाज आला.

दुपारी बाराच्या सुमारास कपारीपाशी पोचलो. आत पोटावर सरपटत जायचं होतं. पंधरा हात अंधार, कोपराखाली गार पाणी. आणि वास. मेलेल्या जनावराचा वास.

पुढं कपार रुंद होऊन एक डोह होता. वरच्या माळावरच्या भेगेतून उजेडाची बारीक तिरीप पडत होती. मॅडमनी विजेरी मारली. पाण्यावर लोकरीचे पुंजके तरंगत होते, आणि भेगेच्या खाली हाडामांसाचा ढीग होता. सहा-सात मेंढरं असावीत. त्यांच्या शिंगांना निळा रंग होता.

अख्ख्या पंचक्रोशीत निळ्या शिंगांची मेंढरं एकाचीच. मी मामांकडं पाहिलं. ते डोहाच्या काठावर खाली बसले. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्या बाटल्या भरण्यात गुंतल्या होत्या.

तेवढ्यात वरून गडगडाट झाला. भेगेतून आधी धार आली, मग लोंढा. माळावर पाऊस कोसळत होता!

"बाहेर!" मी ओरडलो.

मॅडम पेटी पुढं ढकलत कपारीत शिरल्या. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. मी वळून पाहिलं, तर मामा डोहाच्या काठावर तसेच बसलेले.

"साथ आलती मेंढरांवर," ते पुटपुटले. "कुत्र्यांनी उकरू नये म्हणून भेगंत टाकली. माळावर भेगा लई, हीच हितं उघडती हे मला ठावं न्हवतं रे. जा तू. मला ऱ्हाऊ दे."

"मामी खाली सलाइनवर हाय. तिला कुनी सांगायचं? उठा."

ते हलेनात. मी त्यांच्या बखोटीला धरलं आणि ओढलं. पाणी छातीला लागलं. आम्ही कपारीत घुसलो, पण पुढं मॅडम अडकल्या होत्या. फुगलेल्या पाण्यानं पेटी दोन दगडांत घट्ट बसली होती. मागं आम्ही दोघं, वर कातळ, आणि श्वासापुरती वीतभर जागा.

"मॅडम, पेटी सोडा!"

त्यांनी क्षणभरच विचार केला असेल. मग झाकण उघडून बर्फ आणि भरलेल्या बाटल्या उपसल्या, रिकामी पेटी दाबून चेपली आणि दोन्ही हातांनी पुढं ढकलली. पेटी निखळली, बाटल्याही पाण्याबरोबर गेल्या. तिच्या मागोमाग आम्ही तिघं बाहेर फेकलो गेलो.

मी पाइपाचा सांधा दगडानं फोडला. झऱ्याचं पाणी ओढ्यात वाहू लागलं.

उतरताना मामा आमच्या मागं चालत होते. नमुना नव्हता. मी मामांचं नाव घेतलं असतं, तर स्वतःचा दोष म्हाताऱ्यावर ढकलतोय, असंच वस्ती म्हणाली असती. आणि ते गप्प राहिले असते, तर त्यांना कोणी काही विचारणारही नव्हतं.

शाळेच्या अंगणात माणसं जमली होती.

"नमुना कुठंय?" पप्पूनं विचारलं. "आन् टाकीत येनारं पानी कावून तोडलं बे?"

मॅडम बोलायला पुढं झाल्या. पण मामांनी त्यांना हातानं थांबवलं.

"माझी सात मेंढरं सडत्यात त्या पान्यात," ते म्हणाले. "मीच टाकली. आसाराम रोज पावडर टाकत हुता. इहीर उघडा, त्येच पानी उकळून प्या. झऱ्याचं कुनी पिऊ नगा."

आतून सरस्वतीबाईंच्या कण्हण्याचा आवाज आला. मामा आत गेले, तिच्या उशाशी बसले आणि तेच सगळं तिला पुन्हा सांगू लागले, सावकाश, काही न वगळता. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिनं सुई टोचलेला हात सरकवून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

पप्पू मग माझ्याजवळ आला.

"ती मेंढरं काढाया किती मानसं लागतील?" त्यानं विचारलं.

"चार," मी म्हणालो. "आन् लांब दोर."

"पाऊस थांबला की मी येतो," तो म्हणाला, आणि दोर आणायला गेला.