निकेशच्या पाण्याची रात्र

मोबाइल उलटे ठेवा. उजेड नको. लाइट तासाभरात काही येत नाही, आणि आली तरी गोष्ट अर्ध्यात सोडायची नाही.

हे तुलारामनं स्वतः सांगितलेलं आहे. साकोलीहून नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला नऊ किलोमीटरवर त्याचं गाव. वय अठ्ठावन्न. सातबाऱ्याच्या कामासाठी त्यानं तहसील ऑफिसात इतक्या चकरा मारल्या होत्या की शेवटी कारकुनाशी मैत्री होण्यावाचून दोघांनाही इलाज उरला नाही. थापा मारणारा माणूस नव्हे. थापा मारायला कल्पनाशक्ती लागते.

तुलाराम आणि त्याचा धाकटा भाऊ निकेश यांच्या वाटण्या झालेल्या. शेताचे दोन भाग झाले, पण विहीर एकच राहिली आणि तिच्यावरची मोटारही एकच. म्हणून पाळ्या ठरल्या. एक रात्र तुलारामची, एक रात्र निकेशची. रात्रच का, तर शेतीची वीज त्या आठवड्यांत रात्री साडेदहाला यायची आणि सकाळी साडेसहाला जायची. शेतकरी झोपतो कधी, असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

मार्चमध्ये एका रात्री निकेश आपल्या पाळीला गेला आणि परत आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, जंगलाच्या बाजूनं, अनवाणी. त्याला आठवत होतं ते एवढंच, की मोटार चालू केली, डोक्यावर पांढरा उजेड आला, हातपाय हलेनात, आणि कोणीतरी त्याला मोजलं.

“बोटं मोजली. दात मोजले,” तो म्हणाला. “मंग मले ठेवून देल्लं.”

यावर घरात तीन मतं पडली. पहिलं योगेंद्रचं. हा तुलारामचा जावई, साकोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि दुरुस्तीपेक्षा मोबाइल पाहण्यातच जास्त वेळ.

“हे परग्रहवाले आहेत मामाजी. जगभर नेतात लोकायले. तपासतात आन् आणून सोडतात. त्यायले वाईटच करायचं असतं तर काकाजी वापस आले असते का? भ्यायचं कायले?”

दुसरं मत शकुनबाईंचं. या दोघा भावांची आई, ऐंशीच्या पुढची. “तुमचे ग्रह-बिह मले समजत नाई बाप्पा. चकवा हाय तो. पहिल्या वेळेस वापस देते. दुसऱ्या वेळेस देत नाई. निकेश, तू रातचा तिकडं जाऊ नोको.”

तिसरं मत तुलारामचं, ते सर्वांत सोपं. मोहाची दारू.

“विमानात जेवण देल्लं का रे? का नुसतेच दात मोजले?”

निकेशनं जन्मात दारूला हात लावला नव्हता, हे तुलारामला ठाऊक होतं. पण ‘अंतराळवीर’ हे नाव त्यानंच ठेवलं, आणि आठवड्याभरात टपरीवरची शाळकरी पोरंही निकेशला त्याच नावानं हाका मारू लागली.

निकेश रात्री शेतावर जाईना. उन्हाळी धान पोटरीत आलेलं, लोंबी बाहेर पडायची वेळ, आणि त्याच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांमध्ये, बोट जाईल एवढ्या भेगा. बांधाच्या अलीकडे तुलारामचं धान हिरवंगार डोलत होतं, कारण निकेशच्या पाळीचं पाणीही आता तोच घेत होता. मोटार तर चालूच असायची. बांध फोडून पाणी पलीकडे सोडायचं, पावड्याचे चार घाव घालायचे, एवढंच काम. एप्रिलच्या सुरुवातीला निकेश अंगणात येऊन उभा राहिला.

“भाऊ, दोन पाणी देऊन दे. नाही तर नुसती फोलं हाती येतील माह्या.”

“देतो ना. चौकात सर्वायपुढं सांग, मी पिऊन होतो म्हणून.”

“पिऊन नव्हतो तर कायले सांगू?”

“मंग बोलाव तुह्या विमानवाल्यायले. पाणी घेऊन येतील.”

फाटकाआड निकेशची बायको दीपमाला उभी होती. तिच्या पदराची कड हलली. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलायचं नाही अशी त्या घरातली रीत. अठरा वर्षांत ती तुलारामशी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. निकेश तसाच परत गेला.

शेवटी शकुनबाईंनी जेवण सोडलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुलाराम म्हणाला, “बरं. आज त्याची पाळी. मी जातो, त्याच्या बांध्या भरतो. सकाळी येऊन सांगतो, किती विमानं उतरली ते.”

तारीख दहा एप्रिल, वार गुरुवार. अमावास्या नव्हती. हनुमान जयंती दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे चांदणं असं की जमिनीवर पडलेली सुई दिसावी. पावणेअकराला तुलारामनं मोटार सुरू केली. पावड्यानं बांध फोडला, पाणी निकेशच्या पहिल्या बांधीत सोडलं. कोरडी जमीन पाणी पिताना आवाज करते, तो आवाज ऐकत तो बांधावर पाय सोडून बसला. विडी पेटवली. एक झुरका घेतला.

बेडूक ओरडत होते.

मग ओरडेनासे झाले.

मोटार चालू होती… तिचाही आवाज येईना.

समोर पाण्यावर त्याची स्वतःची सावली पडली होती. चंद्राची. ती डावीकडे होती. तुलाराम तिच्याकडे पाहत असतानाच उजवीकडे दुसरी सावली उमटली. तीही त्याचीच. तसंच डोकं, तसेच खांदे.

मागे काहीतरी उजळलं होतं.

त्यानं मागे पाहिलं नाही. मान वळली नाही, असं तो म्हणाला. नंतर म्हणाला, वळवली नाही.

मग… उजवीकडच्या सावलीनं हात वर केला.

तुलारामचे दोन्ही हात मांडीवर होते.

पुढची गोष्ट तो सांगतो ती अशी. पाय गार लागले म्हणून त्यानं खाली पाहिलं. पाणी पोटरीपर्यंत होतं. बोटांत विडी जळत होती, तीच, एका झुरक्याएवढी संपलेली. आणि निकेशच्या चारही बांध्या काठोकाठ भरून पाणी खालच्या नाल्यात चाललं होतं. चार बांध्या भरायला पाच तास लागतात. चंद्र पश्चिमेच्या झाडांना टेकला होता. मोबाइलवर चार वाजून दहा मिनिटं.

एका विडीला पाच तास.

सकाळी अंगणात सगळे जमले. जावई मोबाइल काढून तयार. शकुनबाई खाटेवर, हातात चहा, उपवास सुटलेला. निकेश फाटकाशी.

“काही दिसलं का मामाजी?”

तुलारामनं बशीत चहा ओतला. कुंपणाबाहेर टपरीवरची दोनतीन मंडळी थांबलेली त्याला दिसत होती. गावात अंतराळवीर एक होता. दुसऱ्याची जागा मोकळी होती.

“काही नाही तिथं,” तो म्हणाला. “बेडकं होती.”

निकेश जवळ आला. खाली बसला, मोठ्या भावाच्या पायाशी. “भाऊ, थट्टा नोको करू. उद्या माही पाळी हाय. तू म्हणशील तर मी जातो. माह्या डोक्यावर हात ठेवून सांग.”

शकुनबाई म्हणाल्या, “तुलाराम…”

तुलारामनं भावाच्या डोक्यावर हात ठेवला.

“काही नाही तिथं. जा.”

निकेश हसला. महिन्याभरानं हसला असेल. भाऊ खोटी शपथ घेणार नाही, एवढ्यावरच त्याची भीती गेली.

शनिवारी हनुमान जयंती. देवळात महाप्रसाद, भोंग्यावर भजन. साडेदहाला भजन संपलं आणि शेतीची वीज आली. तुलाराम अंगणात खाटेवर पडला होता. रस्त्यानं टॉर्चचा उजेड आला, फाटकाशी थांबला.

“भाऊ, जाऊन राहिलो.”

तुलाराम जागा होता.

“झोपला का भाऊ?”

एक शब्द पुरला असता. थांब म्हणायचं होतं. नाही तर निदान, मीही येतो…

तुलारामनं डोळे मिटून घेतले. उजेड पुढे गेला. चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पहाटे साडेपाचला तो उठला तेव्हा दीपमाला फाटकात उभी होती. नवरा आला नाही, हे सांगायला बोलावं लागत नाही. तो पुढे आणि ती दहा पावलं मागे, असे दोघं शेतावर गेले.

मोटार चालू होती. निकेशच्या तीन बांध्यांत पाणी झुळझुळत होतं, धान हिरवं उभं होतं.

चौथी बांधी कापलेली होती.

तिथं हिरवं काही नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी असतो तसा पिवळा, वाळलेला फण, कापल्यावर उरलेले धानाचे खुंट. जमीन कोरडी, टणक, भेगाळलेली, बांधापलीकडे वीतभर पाणी असून. कापलेलं धान ओळीनं पसरलेलं होतं, लोंब्या सगळ्या एका बाजूला. पिकलेलं, सोन्यासारखं, दाणे भरून वाकलेलं. तुलारामनं एक लोंबी चुरली. एक फोल निघालं नाही. एवढी बांधी एकट्या माणसाला कापायला तीन दिवस, आणि ती पिकायला आणखी महिना तरी. निकेश घरून टॉर्च आणि काठी घेऊन निघाला होता. विळा त्याच्याजवळ नव्हता.

“निकेश!” तुलाराम ओरडला. बेडूक तेवढे गप्प झाले.

दीपमाला बांधावर आली. तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि भासऱ्याकडे सरळ पाहिलं.

“तुम्ही त्यायच्या डोक्यावर हात ठेवला होता,” ती म्हणाली. “काय पाहिलं होतं तुम्ही?”

अठरा वर्षांतलं पहिलं बोलणं. तिच्याकडे पाहवेना, म्हणून तुलाराम कापलेल्या ओळींमधून चालू लागला, बांधीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत.

तिथं भारे बांधायला सुरुवात झालेली होती. दोन बांधून झालेले. तिसरा अर्धवट. त्याच्याखाली तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा, बंध घातलेला, दोन्ही टोकं वर ओढून निकेश द्यायचा तसाच पीळ दिलेला. गाठ मारायची तेवढी राहिली होती.

आसपास कोणी नव्हतं. वारा नव्हता.

आणि तो पीळ… हळूहळू… उलगडत होता. आत्ताच कोणाच्या तरी हातातून सुटल्यासारखा.