डॉक्टर म्हणतात

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मैनाला शिंक आली, आणि तिची शिंक एकटी कधीच येत नसे. कठडा धरून ती पायरीवरच बसली. वरून कुणीतरी उतरत होतं. पावलं तिच्याजवळ येऊन थांबली, शिंकांची रांग संपेपर्यंत थांबून राहिली, आणि मग घडी न मोडलेला एक निळा रुमाल तिच्यासमोर आला.

"बला दको," ती म्हणाली. म्हणायचं होतं, मला नको.

"बला कोण... मी की तुम्ही?"

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना माणसाला नीट रागावतासुद्धा येत नाही. तिने मुकाट्याने रुमाल घेतला.

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तोंडाला खळ नव्हता म्हणून बाबांनी ते ठेवलं, आणि पुढे त्याच तोंडावर तिचं पोट चालू लागलं. ती पुस्तकं वाचायची – ऐकणाऱ्यांसाठी, स्टुडिओत बसून. त्या दिवशी ती माइकसमोर बसली आणि काचेपलीकडे पाहते तर कानांवर हेडफोन चढवून तोच रुमालवाला बसलेला. नवा रेकॉर्डिस्ट.

"थांबा," तिच्या कानात त्याचा आवाज आला. "'मन' पुन्हा म्हणा. 'बद' ऐकू येतंय."

वसंत म्हणजे मैनाच्या नशिबी हेच. रस्त्याकाठची झाडं मोहरायची, उभ्या गाड्यांच्या टपांवर पिवळी धूळ साचायची, लोक थांबून फोटो काढायचे. आणि ही नाक मुठीत धरून, घशाची खाज सोसत, लाल डोळ्यांनी घरी पळायची. घरात सापडेल ती गोळी घ्यायची आणि दिवसभर पेंगायची. "सर्दीसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?" असं ती ताईला दरवर्षी ऐकवायची.

रेकॉर्डिस्टने मात्र तक्रार केली नाही. तिचं नाक जरा उघडलं की तेवढ्यात तो दोन परिच्छेद उरकून घ्यायचा. गरम पाण्याचा थर्मास तिच्या हाताशी आणून ठेवायचा. एकदा तर 'म' आणि 'न' नसलेलं पान आधी घेऊ म्हणून त्याने अख्खी कादंबरी चाळली.

"सापडलं?" तिने विचारलं.

"मराठीत असं पान नसतं," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तुमच्यासाठी शोधायला हरकत नव्हती."

ती हसली, हसता हसता शिंकली, आणि काचेपलीकडे त्याने घाईघाईने हेडफोन कानांपासून लांब धरला.

...आणि मग नाटकवाली आली.

कादंबरी रखडली होती. स्टुडिओच्या मालकीणबाई मैनाला म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं, पण हे नाक किती दिवस सांभाळायचं?" पुस्तक त्यांनी एका नटीला दिलं, पहिल्या पानापासून. राहिलेली शाल घ्यायला म्हणून मैना दुपारी स्टुडिओत गेली. काचेआड नटी बसली होती, पाठ ताठ, आवाज तुपासारखा. आणि तो तिच्यापुढे थर्मास सरकवत होता. तोच थर्मास.

"अरे, तू किती काळजी घेतोस," नटी म्हणाली.

पहिल्याच दिवशी 'अरे'. पहिल्याच दिवशी 'तू'. थोड्या वेळाने नटी बाहेर आली, तिने खिडकी सताड उघडली आणि छाती भरून श्वास घेतला. "कसला सुंदर वास सुटलाय ना?"

मैनाला महिनाभर कसलाच वास आला नव्हता. शाल खांद्यावर टाकून ती निघाली, तेव्हा मागून दोघांचं हसणं आलं. कशावर हसले असतील... घरी पोचेपर्यंत तिने त्या हसण्याला पंचवीस अर्थ लावले.

"दिसायला चांगली आहे?" ताईने विचारलं.

"तिचं नाक चालतं," मैना म्हणाली.

ताईने हातातली उशी बाजूला ठेवली. "हे नाकाचं दुखणं नाही बाई. पण नाकापासूनच सुरुवात कर. उद्या वेळ घे."

वर्षानुवर्षं ताईच्या सांगण्याने जे झालं नव्हतं, ते मत्सराने एका रात्रीत करून दाखवलं. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टर साठीच्या होत्या. गोल चष्मा, हसणं गोड, बोलणं सडेतोड. तपासणीसाठी आधी काही दिवस त्यांनी मैनाच्या गोळ्या बंद केल्या, आणि त्या दिवसांत तिला शिंकायला आणि जळायला दोन्हींना भरपूर वेळ मिळाला. मग हातावर वेगवेगळ्या परागांचे थेंब ठेवून बारीक टोचलं. एका थेंबाखाली गांधील चावल्यासारखी गाठ उठली.

"हे तुमच्या रस्त्यावरचं झाड," डॉक्टर म्हणाल्या. "ही सर्दी नाहीच. इतकी वर्षं आला का नाहीत?"

नाकात मारायचा फवारा मिळाला, तोही रोज, बरं वाटलं तरी. झोप न आणणारी गोळी मिळाली. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, बाहेरून आल्यावर केस धुवायचे, कपडे गच्चीवर वाळत घालायचे नाहीत. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी ती जागी झाली तेव्हा तोंड मिटलेलं होतं आणि श्वास आपोआप, गुपचूप, नाकातून चालला होता. पडल्या पडल्या तिने "मन" म्हणून पाहिलं. मनच होतं. ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

मालकीणबाईंनी तिला नवीन पुस्तक दिलं. ती माइकसमोर बसली. नटीचं वाचन तिने ऐकलं होतं आणि ते उत्तम होतं, हेच तर जास्त टोचत होतं.

"आवाज मोकळा झालाय," तो म्हणाला.

"डॉक्टरांमुळे. डॉक्टर म्हणतात, खिडकी बंद करून झोपत जा."

"अच्छा."

"डॉक्टर म्हणतात, इतकं सहन करायचं कशाला."

"बरंच काही म्हणतात तुमचे डॉक्टर."

*तुमचे.* मैनाने पान उलटायचं थांबवलं. काचेपलीकडे तो एक बटण उगाच फिरवत होता. तिच्या लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून तिने एक पथ्य स्वतःहून वाढवलं: डॉक्टर फक्त 'म्हणतात'. चुकूनही 'म्हणाले' नाही, 'म्हणाल्या' तर नाहीच.

"फोनही करतात?" एकदा त्याने खाली बघत विचारलं.

"एकदा केला होता फोन. चौकशीला."

"स्वतः?"

"हो ना."

त्या दिवशी त्याच्याकडून दोनदा रेकॉर्डिंग चुकलं, आणि मैना घरी गुणगुणत गेली. जळण्याची पाळी आता दुसऱ्याची होती. पण ते सुख आठवडाभरही टिकलं नाही.

"नाटकवाल्या बाईंनी विचारलंय," काम थांबवून तो म्हणाला. "त्यांच्या दौऱ्यावर आवाजाचं काम बघशील का म्हणून. वर्षभर. आज कळवायचंय."

नाक मोकळं होतं तरी तिला श्वास अपुरा पडला. "जायचंय?"

"काम चांगलं आहे."

"आणि... ती?"

"वाचतात चांगलं."

"ते ऐकलंय मी. मी ते विचारत नाहीये."

"मग काय विचारताय?" त्याचा आवाज अगदी कानाशी होता. "दिवसभर मी तुमची वाक्यं जोडत बसतो. हे एक तुम्हीच पूर्ण करा."

मैनाने माइकच्या जाळीकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहून बोलता आलं नसतं.

"डॉक्टर म्हणाल्या, इतकी वर्षं आला का नाहीत. त्यांना खरं सांगितलं नाही मी. ती तुम्हाला 'अरे' म्हणाली ना, त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून सकाळी उठून गेले."

"म्हणाल्या?" तो म्हणाला. "'ल्या'?"

"साठीच्या आहेत."

त्याने कपाळ टेबलावर टेकवलं. खांदे हलत होते. "मी त्या माणसाला मिशा दिल्या होत्या," तो म्हणाला. "उंचही केलं होतं चांगलं..."

मैनाला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही आवरायच्या आत वाक्य पूर्ण झालं. "जाऊ नकोस."

हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पहिलं जड दार, मग दुसरं. तो आत आला आणि त्या एवढ्याशा खोलीत उभा राहायला जागा नाही म्हणून तिच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला.

"बहुतेक जाणारच नव्हतो," तो हळूच म्हणाला. "पण कुणीतरी अडवावं असं फार वाटत होतं... तू अडवावंस."

एवढे दिवस त्यांच्यामध्ये काच होती, आणि काच नव्हती तेव्हा तिचं नाक बंद होतं. मैना वाकली. साबण, कॉफी, तापलेल्या वायरींचा किंचित करपट वास, आणि त्या सगळ्याखाली आणखी काहीतरी, त्याचंच, ज्याला शब्द नव्हता. तिने डोळे मिटले आणि सावकाश, दीर्घ श्वास घेतला.