तगलेली नाळ

गहिनीनाथ आबांना या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधी मांडून टाकलेलं बरं. मांडी. पैसा नको, मान तर घरचाच. त्यांना फक्त मांडी घालून जमिनीवर बसता यायला हवं होतं. गुडघे गेल्यापासून पंगतीत त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची यायची, आणि कारखान्याच्या मागच्या निवडणुकीत विरोधकांनी तेवढ्यावर सभा गाजवली होती. "ह्यांना जेवतानाबी खुर्ची सुटंना, अन् तुमी म्हणता कारखान्यातली सोडतील!" तेलगाव हसलं, आबा पडले. मतांनी नव्हे, गुडघ्यांनी पडलो, असं ते स्वतःच सांगत.

पाशाभाईंची अपेक्षाही याहून उंच नव्हती. शेजारच्या दिंद्रुडच्या बसथांब्यावर त्यांचा सीताफळांचा गाडा. उभं राहून गुडघे झिजले आणि नमाज खुर्चीवर आला. "बाई, कपाळ जमिनीला टेकवायचंय, बास," एवढंच ते म्हणत. म्हणजे दोघांनाही खालीच उतरायचं होतं. एकाला मतांसाठी, एकाला अल्लासाठी. गुडघ्यांना त्यातला फरक कळत नव्हता.

आणि तेजश्रीला? आबांची ही पुतणी पुण्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवून गावी परतली होती. तिचा विषय स्टेम सेल. आपलं पुढं काय व्हायचं हे ज्यांनी अजून ठरवलेलं नाही, अशा पेशी. नव्या बाळाच्या नाळेत त्या भरपूर असतात. वाढवून झिजल्या सांध्यात सोडल्या तर तिथं नवी कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, धरते, असा हिशोब. पुण्यात तिनं सशांचे गुडघे बरे केले होते. सशांवर पदवी मिळते, निबंध छापून येतात, पण त्यानं एकही म्हातारा जिना चढत नाही. तिला माणूस चढताना पाहायचा होता. आबांच्या ट्रस्टनं दवाखान्यामागच्या दोन खोल्या दिल्या, परवानग्यांसाठी दिल्लीपर्यंत शब्द टाकला. परवानगी आली ती अगदी बेतानं. आधी दोन माणसं. ती सुधारली, तर पुढं पन्नास.

बाळंतिणींनी राजीखुशीनं दिलेल्या नाळा आल्या आणि बहुतेक डब्यातच नासल्या. एकच तगली. वनमालाची.

वनमाला दिंद्रुडच्या रस्त्याला कापसाच्या जिनिंगच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहायची. नवरा गुजरातेत ट्रकवर, आला तर आला. सही करताना तिनं एकच अट घातली होती. "न्या बाई. पन काम झालं की उरलीसुरली माझ्या दारात पुरा. नाळ पुरली न्हाई तर लेकराला घर घावत न्हाई."

लेकरू बारशाआधीच तापानं गेलं. नाळ मात्र तगली.

वनमाला दवाखान्यातून निघाली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "पुरली ना बाई?" तिनं विचारलं. पुरायला उरलं काय होतं? नाळ बारीक चिरून, विरघळवून झाली होती. तिच्या पेशी बाटल्यांच्या तळाला चिकटून एकीच्या दोन होत होत्या. हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? "हो," तेजश्री म्हणाली. एका शब्दात भागत असेल तर माणूस दोन कशाला खर्च करील?

गणपती उठले आणि आबांना व पाशाभाईंना इंजेक्शनं दिली. दसऱ्याला आबा ओट्यावर मांडी घालून बसले. फोटो निघाला, तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला, आणि ती प्लास्टिकची खुर्ची त्यांनी हार घालून दवाखान्याला भेट दिली. पाशाभाईंकडून सीताफळांची पाटी आली. निरोप होता, "टेकलं, बेटी." तेजश्री प्रयोगशाळेचं दार लावून रडली. मग तोंड धुतलं आणि पन्नास माणसांच्या परवानगीचा अर्ज लिहायला बसली. त्याच नाळेच्या कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठून पडल्या होत्या. पन्नास जणांना पुरून उरतील एवढ्या.

संक्रांत झाली आणि आबांच्या बायकोचा, छबुबाई काकूंचा, फोन आला. "तेजे, दुपारी ये. अन् कुनाला बोलू नको."

आबा जेवून सतरंजीवर आडवे झाले होते. काकूंनी तिला स्वयंपाकघराच्या दारात बसवलं आणि आपण लसूण सोलायला घेतला. घोरणं सुरू झालं. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

मग आबा पालथे झाले.

डोळे मिटलेले, तोंड उघडं. कंबर वर उचलली गेली आणि ते चालायला लागले. चालायला कसलं, रांगायला. हात पोत्यासारखे फरफटत होते. काम करत होते ते फक्त गुडघे. साठी ओलांडलेल्या माणसाचे ते गुडघे फरशीवर हलके, गुबगुबीत वाजत होते. टप, टप, टप. परसदार जवळ होतं. तिकडं ते वळलेच नाहीत. दिंद्रुडच्या रस्त्याच्या बाजूचं दार त्यांनी धरलं, उंबऱ्याला गुडघा आपटला, मागं सरले, पुन्हा आपटला. नवं रांगणारं पोर अडतं तसे अडले आणि तिथंच कुशीवर पडून झोपले.

"कावून असं करतेत गं? निवडणुकीचं डोक्यात घेतलं काय?"

"झोपेत माणसं चालतात काकू. औषध असतं त्याला."

"चालतेत." काकूंनी पाकळी ताटलीत टाकली. "रांगत न्हाईत."

तेजश्रीनं दिंद्रुडला फोन लावला. पाशाभाईंच्या बायकोला, जिनतबींना, सहज विचारावं तसं विचारलं, की चाचांची झोप कशी आहे. पलीकडून उलटाच प्रश्न आला, "तुमाला कुनी सांगितलं?"

ती लगेच तिथं गेली. त्या घरात पुढचं दार मोकळं होतं, मागच्या दारात पाट आडवा लावलेला. मागं बकरी बांधलेली, आणि बकरीच्या पलीकडून रस्ता तेलगावकडं जाणारा. पाशाभाई खाली मान घालून बसले होते. पायजम्याच्या गुडघ्यांना भोकं पडली होती.

"दुखतात का?"

"जरा बी न्हाई. तेच तर." त्यांनी गुडघ्यांवर तळवे झाकले, परक्याच्या पोराला थोपटावं तसे. "बाई, हे माझेच हायेत का न्हाई, एवढं सांगा."

परतताना तेजश्रीच्या डोक्यात नको तो हिशोब आपोआप जुळत गेला. आबा तेलगावात दिंद्रुडच्या दिशेला अडतात, पाशाभाई दिंद्रुडला तेलगावच्या दिशेला. मधल्या रस्त्यावर जिनिंग. वनमालाचं ते बाळ जगलं असतं तर आता रांगायच्याच वयाचं असतं. दोन माणसांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे ती विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. तरी तिनं जिनिंगपाशी स्कूटी वळवली.

हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. वनमालानं खोलीच्या लोखंडी उंबऱ्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती.

"हे कशाला?"

"लागतं त्याला."

"कोणाला, वनमाला?"

फार शिकलेल्या माणसाकडं बघतात तसं वनमालानं तिच्याकडं बघितलं. "दुपारचं येतंय. चाहूल लागती, पन उंबऱ्याशी अडतंय अन् मागं जातंय." तिनं पदर सारखा केला. छातीवर पदराला दोन ओले गोल पडले होते. "हे बी दुपारचंच. बाई, खरं सांगा. नाळ माझ्याच दारात पुरली ना?"

या वेळी तेजश्रीला तो एक शब्दही खर्चता आला नाही.

गावच्या सप्ताहाची काल्याची पंगत दोन दिवसांवर होती. कारखान्याची निवडणूक त्याच्या मागोमाग. "आबा, पंगतीला जाऊ नका," तिनं सांगून बघितलं.

"येडी हायस का? गुडघे कशासाठी केले मंग, लोणचं घालायला?"

आबा गेले आणि पहिल्या ओळीत मांडी घालून बसले. मागच्या वेळी ज्यानं खुर्चीवरून सभा गाजवली तोच, धर्मराज, हातात बुंदीचं घमेलं घेऊन वाढायला आला. आबांनी दोनदा मागून घेतली. चव बुंदीला नव्हती, धर्मराजच्या पडलेल्या तोंडाला होती. पण पोट भरलं. ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन उतरलं. टाळ एका लयीत वाजत राहिले. आबांचे डोळे मिटले.

ते पालथे झाले ते पत्रावळीवरच.

"बघा, मतांसाठी लोटांगण!" धर्मराज ओरडला. मांडव हसला.

आबा वरणातून, भातातून, समोरच्या ओळीतल्या पत्रावळींवरून रांगत निघाले. टप, टप, टप.

हसणं एकेक करून थांबलं. टाळही थांबले.

मांडवाला उंबरा नव्हता. ते थेट डांबरी रस्त्यावर उतरले.

तेजश्रीचा फोन वाजला. जिनतबी. "पाट ओलांडला," त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू राहिला.

तिनं आबांना धरायचा प्रयत्न केला नाही. ती प्रयोगशाळेकडं पळाली.

सगळ्या कुप्या तिनं एका पिंपात घातल्या. एकही मागं ठेवली नाही. पन्नास माणसं, पुण्यातली वर्षं, नाव, सगळं त्यात बसलं.

पिंप स्कूटीवर घेऊन ती जिनिंगमागच्या खोलीपाशी पोचली. वनमालानं खुरपं आणून दिलं.

दारात खड्डा झाला. तेजश्रीनं पिंप ओतलं. नायट्रोजनचा पांढरा धूर वर गेला नाही. तो जमिनीलगत पसरला, उंबऱ्याशी क्षणभर थबकला.

मग ओलांडून आत गेला.

त्याच वेळी रस्त्यात आबा थांबले, असं लोक सांगतात. पाशाभाई बकरीच्या पलीकडं, तेलगावच्या रस्त्यावर थांबले.

पुढं एक्स-रे काढले. दोघांच्याही गुडघ्यांत नवी कूर्चा नव्हती, आणि जी थोडी जुनी होती तीही नव्हती. आता ते गुडघे वाकत नाहीत की सरळ होत नाहीत. दवाखान्याला दिलेली खुर्ची आबांनी परत मागवली, हार काढून. निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत. हा विनोद धर्मराजनं केला आणि कोणी हसलं नाही. पाशाभाई गाड्याशेजारी पडून डोळ्यांच्या पापण्यांनी सजदा करतात. तेजश्रीनं अर्ज मागं घेतला. कारण काय लिहायचं ते न सुचून 'साठा नष्ट' एवढंच लिहिलं. तिच्या खोल्यांत आता सप्ताहाच्या कढया ठेवतात. ज्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मग गुडघ्यांसकट वसूल झालं. राहिली वनमाला. तिनं आपलं देणं सगळ्यांच्या आधीच भरलं होतं.

पुण्याला परत जायच्या दिवशी तेजश्री जिनिंगपाशी थांबली. वनमाला दारात ताटली घेऊन कामावरच्या बायकांना गूळ-खोबरं वाटत होती. बायका घेत होत्या आणि घाईनं निघत होत्या. उंबऱ्यावरची चिंधी काढलेली होती.

"उंबरा ओलांडला की वाटतेत ना बाई," ती म्हणाली आणि ताटलीतला शेवटचा तुकडा तेजश्रीच्या हातावर ठेवला. "खा. उष्टं हाय जरा. पन लेकराच्या उष्ट्याला कोन नावं ठेवतं?"

खोबरं ओलं होतं. त्याच्या कडेला दोन दातांच्या खुणा होत्या, तांदळाएवढ्या, शेजारी शेजारी.